बाईंना विचारा : वसंतातला आर्मेनिया

गेल्या अंकात या सदरात मी आर्मेनियातल्या गेगार्द मठाविषयी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली तीन इथे घेते.

बाई, नमस्कार. आम्ही दोघं मुलुंडला राहतो. हे गेल्या जूनमध्ये रेल्वेतून निवृत्त झाले. चारधाम झालं, काश्मीर झालं, आता एकदा देशाबाहेरचे डोंगर बघायचे आहेत. तुमचा मजकूर यांनी कापून पाकिटात ठेवला आहे. एप्रिल बरा की मे? माझा उजवा गुडघा दुखतो, जिना उतरताना जास्त. हे माळकरी आहेत, मांस-मच्छी-अंडं काही चालत नाही. मुलगा म्हणतो, टूरबरोबर जा. आठ दिवसांत सगळे मठ बघून होतील का?
एक वाचक, मुलुंड (पूर्व)

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. त्याचं उत्तर ठरलं की बाकीचं सगळं सोपं होईल. सगळे मठ होणार नाहीत, आणि तसा हट्टही धरू नका.

मी पहिल्यांदा गेले ती एका टूरबरोबरच. चार दिवसांत अकरा मठ दाखवले. नोरावांकला बस थांबली तेव्हा हातात वीस मिनिटं होती, त्यातली आठ स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली. घरी आल्यावर माझी ताई फोटो बघत होती. 'हा कुठला गं?' तिने विचारलं आणि मला सांगता येईना. परळच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला मी. मी जिथे उभी राहिले ती जागा मला ओळखू येत नाही, याचं त्या रात्री फार वाईट वाटलं. दोन वर्षांनी एप्रिलच्या मध्यावर मी पुन्हा गेले, या वेळी ताईला घेऊन. ती तेव्हा अडुसष्ट वर्षांची, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. नऊ रात्रींत आम्ही सहा मठ बघितले आणि त्या सहांपैकी प्रत्येकाचा दगड मला आज डोळे मिटून आठवतो.

माझं कळकळीचं सांगणं एवढंच आहे की वसंतात तिथे जाताना कुठल्या तारखेला कुठला मठ हे मुंबईत बसून ठरवू नका. एप्रिल-मे हे तिकडचे पावसाचे महिने. आपल्यासारखी संततधार नसते, पण सकाळी लख्ख ऊन, दुपारी ढग आणि चारला सर, असं एकाच दिवसात होतं. टूरच्या कागदावर 'मंगळवार : खोर विराप' असं छापलेलं असेल आणि मंगळवारी धुकं असेल, तर तुम्ही एका राखाडी भिंतीसमोर उभं राहून परत याल.

त्यापेक्षा राजधानी येरेवानमध्ये पाच-सहा रात्रींचं हॉटेल घ्या. देश लहान आहे, आपल्या महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्श्याएवढा. बहुतेक जागा येरेवानहून एक-दोन तासांवर आहेत, सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. रोज रात्री उद्याचं हवामान बघायचं आणि मग दिशा ठरवायची. आकाश स्वच्छ असेल तर खोर विराप, कारण त्या मठासमोर अरारात डोंगर आहे. ढगाळ असेल तर गेगार्द, कारण तिथलं खरं बघण्यासारखं आत, डोंगराच्या पोटात आहे. आणि दिवसभर पाऊस दिसत असेल तर येरेवानातच मातेनादारानला जायचं. हस्तलिखितांचा इतका मोठा संग्रह जगात फार थोड्या ठिकाणी आहे.

खोर विरापचं सांगते. आमचे पहिले तीन दिवस अरारात दिसलाच नाही. चौथ्या दिवशी सकाळी साडेसहाला ताईने पडदा सरकवला आणि नुसतं 'अगं' म्हणाली. शहराच्या छपरांच्या वर, निम्म्या आकाशात तो उभा होता. पाच हजार मीटरांहून उंच, डोक्यावर बर्फ, आणि शेजारी धाकटा अरारात. आम्ही नाश्ता न करता टॅक्सी बोलावली. तासाभरात मठात होतो. दहाच्या सुमाराला ढग चढायला लागले आणि अकराला डोंगर गेला. म्हणून तिथे जायचं ते सकाळीच. हा डोंगर आर्मेनियन लोकांच्या राजमुद्रेवर आहे, गाण्यांत आहे, दुकानांच्या पाट्यांवर आहे, पण तो आहे तुर्कस्तानात आणि मधली सीमा बंद आहे. मठाच्या भिंतीशी उभं राहिलं की खाली शेतं दिसतात, पलीकडे सीमा आणि तिच्यामागे लगेच डोंगर. एक म्हातारे गृहस्थ तिथे हात मागे बांधून नुसते बघत उभे होते. आम्ही आलो तेव्हाही होते आणि निघालो तेव्हाही तिथेच होते.

तुमच्या गुडघ्यासाठी एक सूचना. खोर विरापला जमिनीखाली एक खड्डा आहे. संत ग्रेगोरींना राजाने तेरा वर्षं तिथे कोंडलं होतं, अशी परंपरा आहे. पुढे त्याच राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि इसवी सन ३०१ मध्ये आर्मेनिया हा ख्रिस्ती धर्माला राजधर्म मानणारा पहिला देश झाला, असं तिथे मानतात. त्या खड्ड्यात उतरायला लोखंडी शिडी आहे, अगदी उभी. तुम्ही उतरू नका, तुमच्या यजमानांना उतरू द्या. नोरावांकला चर्चच्या दर्शनी भिंतीतून बाहेर काढलेल्या अरुंद दगडी पायऱ्या आहेत, धरायला काही नाही. त्या खालूनच बघायच्या. लाल कड्यांच्या घळीत ते चर्च ज्या रंगाचं दिसतं तो बघायला दुपारनंतरचं ऊन हवं. सेवान तळ्याकाठच्या मठाला चढ आहे, पायऱ्या दोनशेच्या वर. तळं १९०० मीटरांवर आहे आणि एप्रिलमध्येही वारा बोचतो. ताई खाली बाकावर शाल पांघरून बसली आणि तिचं काही चुकलं नाही, तळं तिथूनही तेवढंच निळं दिसतं. लडाखसारखा विरळ हवेचा त्रास मात्र इथे होत नाही. येरेवान स्वतः हजार मीटरांच्या आसपास आहे.

गेगार्द तुम्हाला जमेल. गाडी उतरल्यावर दगडी फरसबंदीचा थोडा चढ, तेवढाच. पाऊस झाला असेल तर फरशी निसरडी होते, म्हणून पायात चांगली पकड असलेले बूट घाला, चपला नकोत. मुख्य चर्च १२१५ मधलं, बांधलेलं आहे. त्याच्या शेजारच्या खोल्या मात्र अख्ख्या डोंगरात कोरल्या आहेत. आपण कान्हेरी बघितलेले लोक, आपल्याला ते लगेच ओळखीचं वाटतं. एका कोरलेल्या चर्चमध्ये जिवंत झरा आहे. कोपऱ्यातल्या खडकातून पाणी येतं आणि जमिनीतल्या चरातून वाहत जातं. ही जागा मठ होण्याआधीपासून त्या झऱ्यामुळेच पवित्र मानली जात होती. हे चर्च १२४० च्या दशकात गालदझाक नावाच्या कारागिराने कोरलं, त्याचं नाव तिथे कोरलेलं आहे. कान्हेरीच्या पाण्याच्या पोढ्यांवरही दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, ती मला तिथे आठवली.

वरच्या मजल्यावर आणखी एक कोरीव दालन आहे, १२८८ मधलं. चार जाड खांब, छताच्या मधोमध भोक, उजेड तेवढ्यातूनच. आम्ही गेलो तेव्हा आत कुणी नव्हतं. ताई गाणं शिकलेली. तिने हळूच षड्ज लावला आणि सोडला. ती थांबली तरी सूर थांबेना, तो खांबांमधून फिरत राहिला. मग तिने पंचम लावला तर आधीचा षड्ज अजून हवेत होता. आम्ही पाऊण तास तिथे होतो. टूरमध्ये हे शक्य नव्हतं.

आता महिना. जर्दाळूचा मोहोर बघायचा असेल तर एप्रिलचा पहिला पंधरवडा. अराराताखालच्या सपाटीवर पांढरी-गुलाबी झाडं दिसतात. जर्दाळूच्या शास्त्रीय नावातच आर्मेनिया आहे, 'प्रुनस आर्मेनियाका', आणि त्याच्या लाकडाचं दुदुक हे सुषिरवाद्य ऐकल्याशिवाय परत येऊ नका. पण त्या दिवसांत उंचावर बर्फ असतो. सेलिम घाटाचा रस्ता २४१० मीटरांवरून जातो, तो एप्रिलमध्ये बंदही असू शकतो, आणि आंबेर्द किल्ल्याकडे मेच्या आधी जाता येईलच असं धरू नका. तुम्हा दोघांसाठी मी मेचा पहिला पंधरवडा सुचवीन. डोंगर हिरवे, रस्त्याकडेला खसखशीची लाल फुलं, घाट मोकळे आणि थंडी स्वेटरने भागेल एवढी.

ताथेव राहिलाच. तो दक्षिणेला, येरेवानहून चार-पाच तास. एका दिवसात जाऊन येणारे लोक आहेत, तुम्ही ते करू नका. गोरिस गावात एक रात्र काढा. नवव्या शतकातला हा मठ वोरोतान नदीच्या दरीच्या काठावर आहे आणि २०१० पासून तिथे ५.७ किलोमीटर लांबीचा रोपवे आहे. सुमारे बारा मिनिटांत पलीकडे. गुडघ्याला काहीच काम नाही. वारा फार असेल तर मात्र बंद ठेवतात, म्हणून इथेही दोन दिवसांची सवड हवी. जाता-येता सेलिम घाटातली १३३२ ची सराई बघून घ्या. रेशीम व्यापाराच्या वाटेवरची, आत उंट-घोड्यांसाठी दगडी गव्हाणी अजून शाबूत आहेत.

यजमानांच्या जेवणाची काळजी करू नका. 'अरांत्स म्सी' म्हणजे 'मांसाशिवाय', हे दोन शब्द पाठ करा. तिथल्या चर्चचे उपास कडक असतात, त्यात मांस, अंडी, दूध सगळं वर्ज्य, त्यामुळे उपासाचं जेवण ही त्यांची जुनी गोष्ट आहे. कोबीच्या पानात कडधान्यं भरून केलेला 'पासुत्स तोलमा' मिळाला तर जरूर घ्या. झेंग्यालोव हात्स म्हणजे दहा-बारा पालेभाज्या बारीक चिरून पातळ पोळीत भरतात आणि तव्यावर भाजतात. वसंत हा तिकडच्या रानभाज्यांचा मोसम, तेव्हा तो सगळ्यांत चवदार असतो. येरेवानच्या गूम बाजारात एक बाई समोर लाटून देत होती. तिची पोळी कडेला दाबायची पद्धत आपल्या करंजीसारखी. आवेलुक नावाची रानभाजी वेणीसारखी गुंफून वाळवून विकतात, तिचं सूप मिळतं. 'स्पास' हे दह्याचं आणि गव्हाचं गरम सूप, यांना कढीची आठवण येईल. पण त्यात अंडं घालतात आणि काही ठिकाणी मांसाचं पाणीही, म्हणून आधी विचारा. 'गाता' या गोड पावालाही वरून अंडं लावलेलं असतं. लावाश ही मोठी पातळ रोटी, मात्सुन म्हणजे दही, हे तर सगळीकडे. आम्ही मेतकूट नेलं होतं. मात्सुनात कालवून लावाशबरोबर रोज सकाळी खाल्लं.

पाणी विकत घेऊ नका. येरेवानात जागोजागी दगडी कारंजी आहेत, वाकून प्यायची, त्यांना पुल्पुलाक म्हणतात. त्यातली कितीतरी कुणा गेलेल्या माणसाच्या आठवणीत बांधलेली. आपल्या मुंबईतल्या जुन्या प्याऊंसारखीच, फक्त तिथली अजून वाहती आहेत. आपल्या कितीतरी प्याऊ कोरड्या पडल्या याची खंत तिथे पाणी पिताना वाटली.

व्हिसा आर्मेनियाच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरून ऑनलाइन काढता येतो. नियम आणि शुल्क बदलतात, तिकीट काढण्याआधी तिथेच वाचा, दलालाच्या तोंडून नाही. मुंबईहून आखातात एकदा विमान बदलावं लागतं. रुपये तिथे चालत नाहीत, डॉलर किंवा युरो नेऊन येरेवानात द्राम घ्या आणि गावांकडे जाताना रोख ठेवा. टॅक्सीसाठी जीजी आणि यांडेक्स ही अ‍ॅप चालतात. लांबच्या दिवसासाठी चालकासह गाडी ठरवा आणि त्याला आधीच सांगा, दिवसाला दोनच मठ.

बाई, मी तुमचा १९९८ च्या दहावीचा विद्यार्थी. आता दादरला असतो. मुलगा बारा वर्षांचा आहे. मेच्या सुट्टीत आठ दिवसांत जॉर्जिया आणि आर्मेनिया दोन्ही करावं म्हणतोय. मठ बघून मुलगा कंटाळेल का?

अरे, आठ दिवसांत दोन देश करू नकोस. तिबिलिसी ते येरेवान रस्त्याने पाच-सहा तास, सीमेवरचा वेळ वेगळा, व्हिसा वेगळा. तू मुलाला घेऊन गाडीतच बसशील.

कंटाळा येऊ नये म्हणून निघण्याआधी मुंबईतच तयारी करून घे. एका रविवारी त्याला अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला ने आणि त्या काळ्या खडकाचे उभे खांब दाखव. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला उभ्या भेगा जातात, हे मी तुम्हाला फळ्यावर काढून दाखवलं होतं. मग आर्मेनियात गार्नीच्या देवळाखालच्या घळीत उतरलास की तो स्वतःच ओरडेल, कारण तिथे तेच खांब शेकड्यांनी कड्यावर टांगल्यासारखे दिसतात. गार्नीचं देऊळ पहिल्या शतकातलं, १६७९ च्या भूकंपात कोसळलं आणि १९७५ पर्यंत पुन्हा उभं केलं. जुना दगड कुठला आणि नवा कुठला हे शोधायचा खेळ लाव. नवे दगड साधे ठेवले आहेत, सापडतात.

दुसऱ्या रविवारी बोरिवलीला एकसरचे वीरगळ दाखव. आर्मेनियात खाचकार म्हणून कोरीव क्रूसाचे उभे दगड असतात, कुणाच्या आठवणीत किंवा आत्म्याच्या शांतीसाठी उभारलेले. नोरातुसच्या दफनभूमीत ते शेकड्यांनी आहेत आणि कुठल्याही दोघांची नक्षी सारखी नाही. आणि फोर्टात नगीनदास मास्टर मार्गावर सेंट पीटर्स आर्मेनियन चर्च आहे, १७९६ मधलं. आर्मेनियन व्यापारी मुंबईत होते हे त्याला कळू दे.

येरेवानच्या इतिहास संग्रहालयात अरेनीच्या गुहेत सापडलेलं चामड्याचं पायताण आहे, साडेपाच हजार वर्षांपूर्वीचं. एकाच पायाचं, उजव्या. आत गवत भरलेलं होतं. बारा वर्षांच्या मुलाला ते पुरेल. त्यांची लिपी मेस्रोप माश्तोत्स यांनी ४०५ मध्ये तयार केली. त्याला त्याचं नाव त्या अक्षरांत लिहायला शिकव.

उत्तरेकडचे हाघपात आणि सानाहिन हे दोन मठ एकाच दिवसात होतात. ते चुकवू नकोस, खास करून सानाहिन. तिथे दोन चर्चच्या मध्ये एक लांब, कमानी छताची अंधारी वाट आहे. ती अकराव्या शतकातली शाळा. दोन्ही बाजूंना खांबांच्या मधे दगडी बैठका, त्यावर विद्यार्थी बसत आणि शिक्षक मधल्या वाटेने येरझाऱ्या घालत शिकवत, असं सांगतात. मी त्या वाटेने दोनदा गेले. खालचे दगड म्हणजे थडग्यांच्या शिळा आहेत, पायांनी झिजून गुळगुळीत झालेल्या. मग एका बैठकीवर बसले. वर्गात मुलं कशी दिसतात हे मला माहीत होतं. शिकवणारा चालत जवळ येतो आणि लांब जातो, आवाज वाढतो आणि कमी होतो, हे बसलेल्याला कसं ऐकू येत असेल ते तिथे कळलं. मुलाला तिथे बसव आणि तू चालत त्याला काहीतरी शिकव. काहीही, अगदी पाढे.

आम्ही २४ एप्रिलला येरेवानमध्ये असू. त्या दिवशी सगळं बंद असतं असं ऐकलं. बेत बदलावा का?
एक वाचक, गिरगाव

बदलू नका. २४ एप्रिल हा ऑटोमन साम्राज्यातल्या आर्मेनियन लोकांच्या १९१५ च्या नरसंहाराचा स्मृतिदिन. सुट्टी असते आणि शहर त्सित्सेर्नाकाबेर्दच्या टेकडीवरच्या स्मारकाकडे चालत जातं. आम्ही दोघी गेलो होतो. माणसं गर्दीने चालतात पण आवाज जवळजवळ नसतो. आजोबांच्या खांद्यावर नातू, नातवाच्या हातात ट्यूलिप. वर बारा मोठ्या कललेल्या शिळांच्या आत ज्योत आहे. पायऱ्या उतरून तिच्याभोवती फुलं ठेवायची आणि पुढे सरकायचं. संध्याकाळपर्यंत फुलांची भिंत छातीइतकी उंच होते. आमच्या हातात काही नव्हतं. पुढच्या बाईने मागे वळून बघितलं, आपल्या जुडीतली दोन फुलं काढली आणि ताईला दिली.

फोटो काढायचे तर लांबून, माणसांच्या चेहऱ्यासमोर मोबाइल धरू नका. कपडे साधे. टेकडीकडचे रस्ते गाड्यांना बंद असतात, त्यामुळे चालायची तयारी ठेवा आणि सोबत पाणी न्या. फुलं आदल्या संध्याकाळीच घेऊन ठेवा.